धोंडाआजीचा फेटा

“मास्तर, लिहा,” आबासाहेब म्हणाले, “आजच्या मोर्चात सांगव्याचा एकही माणूस नव्हता. सगळे बाहेरचे. भाडोत्री.”

मी लिहिलं. खिडकीखाली नगरपालिकेच्या पायऱ्यांवर मोर्चा अजून उभाच होता. ‘बाजार आमच्या हक्काचा’ अशा आरोळ्या उठत होत्या. सगळ्यांत पुढं, डोक्यावर लसणाची पाटी घेऊन एक म्हातारी उभी होती, आणि बोळक्या तोंडानं शिव्यांची अशी लाखोली वाहत होती, की शेजारच्या बाया पदराआड हसत होत्या.

“आबासाहेब,” मी भीत भीत विचारलं, “ती पुढची म्हातारी… तीही बाहेरचीच लिहू का?”

आबासाहेब खिडकीशी गेले, खाली पाहिलं, आणि खिडकी लावून घेतली.

“ती आमची आई आहे,” ते म्हणाले. “तिचं नाव घालू नका.”

आबासाहेब खडतरे म्हणजे आमच्या सांगव्याचे नगराध्यक्ष. मी शाळेत शिकत होतो तेव्हा तेच होते, त्याच शाळेत मास्तर झालो तेव्हाही तेच. गावात त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. शाळेला त्यांचं नाव, पुलाला त्यांचं नाव. नव्या मुतारीलाही नाव द्यायचा ठराव आला होता, तेव्हा मुख्याधिकाऱ्यानं अक्षरशः हात जोडले, म्हणून ते टळलं.

आणि मी मुकुंद रासकर. पोटासाठी मास्तर, पण गाव मला ओळखायचं ते सूत्रसंचालक म्हणून. दर पंधरा दिवसांनी आबासाहेबांचा कुठं ना कुठं सत्कार असे. कधी गटार झालं म्हणून, कधी गटार होणार म्हणून. माइकवर मी. ‘आता मी विनंती करतो’ इतकं तोंडातून निघालं की पुढचं आपोआप यायचं: ‘गोरगरिबांचे कैवारी, सांगव्याचे शिल्पकार, विकासाचे महामेरू, आमचं श्रद्धास्थान, माननीय आबासाहेब खडतरे यांना.’ एका दमात. लोक माना डोलवायचे. मलाही वाटायचं, वा, काय आवाज आहे आपला!

सत्काराची रीतही ठरलेली. शाल, श्रीफळ, फेटा. मग कुणीतरी उठून मागणी मांडणार, आणि ती पुरी व्हायच्या आत आबासाहेब हात वर करून म्हणणार, “मंजूर!” टाळ्या. शेवटी मी आभार मानायचे आणि सगळ्यांनी घरी जायचं. मंजूर झालेलं काम पुढं कुणी केलेलं मात्र माझ्या पाहण्यात नाही.

तर मोर्चा कशाचा, ते सांगतो. आमचा सोमवारचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या वेशीपुढच्या पटांगणात भरायचा. आबासाहेबांनी तो उठवला आणि ओढ्यापलीकडं, स्मशानाच्याही पुढं, मेहुण्याच्या माळावर नेऊन टाकला. का, तर मेहुण्याला दर पाटीमागं भाडं मिळावं. गिऱ्हाईक तिकडं फिरकेना. लोक म्हणायचे, त्या वाटेनं जायचं ते एकदाच, आणि तेही दुसऱ्याच्या खांद्यावर. बायांची मेथी पाटीतच सुकायला लागली. पटांगणात बसावं तर फौजदार काठी आपटत यायचा.

आबासाहेबांची आई धोंडाआजी. नवरा गेल्यावर वेशीच्या डाव्या अंगाला बसून, लसूण विकून तिनं या एकुलत्या एका पोराला वाढवलं होतं. पोरगा नगराध्यक्ष झाला, बंगला झाला, तरी सोमवारी आजी पाटी घेऊन आपल्या जागेवर हजर. आबासाहेबांना ते फार खुपायचं.

“आई, लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, लसूण कसा दिला,” आजी सांगायची.

आणि मोर्चाची म्होरकी होती भागाबाई हिवरकर. भागामावशी. मेथी-कोथिंबीर विकायची, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. माझा जीव नेमका तिच्याच लेकीवर, विमलवर जडला होता. देवाची करणी, दुसरं काय!

विमलला मागणी घातली ती मळ्यातल्या विहिरीवर. आदल्या दिवसापासून वाक्यं पाठ केली होती. पण ती समोर आली, घागर काठावर ठेवून “काय मास्तर?” म्हणाली, आणि माझी दातखीळ बसली. तोंड उघडलं तेव्हा निघालं ते असं: “या मंगलप्रसंगी मी विनंती करतो, की… गोरगरिबांचे कैवारी, सांगव्याचे शिल्पकार माननीय आबासाहेबांच्या आशीर्वादानं आपण माझ्याशी लग्न करावं.”

विमल हसून हसून खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण नाही म्हणाली नाही.

नाही म्हणाली ती मावशी. म्हणजे अगदी नाही असंही नव्हे. “मास्तर, पोरगा म्हणून तुमी बरे हाय,” ती म्हणाली, “पन बाजार हाय तर माज्या हातात पैका हाय. ज्या सोमवारी पटांगणात बाजार भरंल, त्याच सोमवारी सुपारी फोडू. तवर विमलचं नाव काढायचं न्हाई.”

आता बोला! माझं लग्न मेथीच्या जुडीला बांधलेलं, आणि ती जुडी आबासाहेबांच्या मुठीत.

मोर्चानंतर पेपरात प्रतिक्रियांचा पाऊस पडला. आबासाहेबांची ‘बाहेरचे लोक’ ही प्रतिक्रिया पहिल्या पानावर, आणि तिच्या बरोबर वर फोटो, त्यात धोंडाआजी मूठ वळून उभी. आमदारांनी दोन्ही बाजूंना संयमाचं आवाहन केलं. पालकमंत्री म्हणाले, परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे. ते तेव्हा बदरीनाथला होते. विरोधी पक्षाचे पिसाळ वकील म्हणाले, “जनतेच्या लढ्याला माझा पाठिंबा आहे, मात्र आबासाहेबांच्या भूमिकेचाही मी आदर करतो.” मावशीला मी हे सगळं वाचून दाखवलं. तिनं तो पेपर घेतला आणि त्यात कोथिंबीर बांधली.

बाया हटल्या नाहीत. दुसऱ्या सोमवारी मोर्चा दुप्पट झाला. न्हाव्यांनी दुकानं बंद ठेवली, तालमीतली पोरं आली, आमच्या शाळेचा शिपाईसुद्धा घंटा घेऊन गेला. मग आबासाहेबांनी तहसीलदारांना गाठलं आणि गावात जमावबंदी लावून घेतली. पाच माणसांनी एकत्र यायचं नाही. पारावर पत्ते खेळणाऱ्यांनी बघणाऱ्याला हाकलून दिलं. त्याच आठवड्यात गणपा कोष्टी वारला, तर पंचाईत झाली: खांदेकरी चार, आणि पुढं मडकं धरणारा पाचवा. फौजदार म्हणाला, मडकं मागून वेगळं पाठवा.

पण त्या हुकुमात एक मेख होती. आबासाहेबांची एकसष्टी जवळ आली होती, म्हणून त्यांनी खाली एक ओळ घालायला लावली: ‘लग्न आणि सत्कार समारंभ वगळून.’

ती ओळ मावशीनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाली, “मास्तर, येत्या सोमवारी आमी धोंडाआजीचा सत्कार करनार. बाजारातली सगळ्यात जुनी बाई म्हनून. पटांगणात. सूत्रं तुमी हलवायची.”

“मावशी, पण आबासाहेब—”

“आईच्या सत्काराला कोन मोडता घालनार?”

खरंच कुणी घातला नाही. आबासाहेबांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं होतं. हातात निमंत्रणपत्रिका होती, ती त्यांनी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

“मास्तर, यात माझं नाव कुठंय?”

“नाहीये, आबासाहेब.”

“स्वागतोत्सुकातसुद्धा नाही?”

“नाही.”

सांगव्यात पत्रिका छापली आणि तिच्यावर त्यांचं नाव नाही, असं आजवर घडलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू?

“करा सूत्रसंचालन,” ते शेवटी म्हणाले. “पण माझ्याविरुद्ध एक अवाक्षर निघालं, तर मंगळवारी शाळेत येऊ नका.”

झालं! इकडं आड, तिकडं विहीर. विहिरीवरून पुन्हा विमल आठवायची. मी मनाशी गाठ मारली: आबासाहेबांचं नावच काढायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. धोंडाआजी, शाल, नारळ, आभार, संपलं. आठवडाभर रोज सकाळी दात घासताना घोकत होतो, ‘धोंडाआजी, धोंडाआजी, धोंडाआजी.’

सोमवारी पटांगणात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेज बांधलेलं, चारी बाजूंनी लाल कापडाची झालर. खुर्चीत धोंडाआजी, नवं लुगडं नेसून. टेबलावर तबक, त्यात शाल, नारळ आणि तयार बांधलेला गुलाबी फेटा. समोरच आबासाहेबांचा बंगला. ते गॅलरीत बनियनवर उभे होते, कठड्याला घट्ट धरून. फौजदार काठी घेऊन कोपऱ्यात. पहिल्या रांगेत विमल. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, आणि मी माइक हातात घेतला.

सुरुवात झकास झाली. आजीच्या कष्टांबद्दल बोललो. वेशीच्या डाव्या अंगाच्या जागेबद्दल बोललो. ऊन-पाऊस, उपाशी पोट, पाटीशेजारी पोत्यावर निजलेलं तिचं पोर. बाया डोळे पुसायला लागल्या. माझाही गळा भरून आला, आणि तिथंच घात झाला. गळा भरून आला की माझं डोकं काम करत नाही, नुसतं तोंड करतं.

“तर या हृद्य सत्काराचा स्वीकार करण्यासाठी,” मी म्हणालो, “आता मी विनंती करतो… गोरगरिबांचे कैवारी, सांगव्याचे शिल्पकार, विकासाचे महामेरू, आमचं श्रद्धास्थान, माननीय आबासाहेब खडतरे यांना!”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांनाही सवय होती ना. कडकडाट केला. मग एकेकाच्या लक्षात येऊ लागलं, आणि टाळ्या विझत विझत शेवटी फक्त बहिरा तुकातात्या एकटाच वाजवत राहिला.

वाटलं, धरणीमातेनं पोटात घ्यावं. नोकरी गेली, बाजार गेला, विमल गेली. विमलकडं बघायची हिंमत होईना. तिनं तोंड पदरात लपवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. रडवलंस रे पोरीला, मी स्वतःला म्हणालो.

“आले!” कुणीतरी ओरडलं.

गॅलरी रिकामी होती. बंगल्याच्या फाटकातून आबासाहेब येत होते. जाकिटाची बटणं लावत, चालत नव्हे, ओढल्यासारखे. आपलं नाव पदव्यांसकट माइकवर पुकारलं गेलं आणि आपण गेलो नाही, असं त्या पायांना ठाऊकच नव्हतं. गर्दीनं वाट करून दिली. फौजदारानं सलाम ठोकला. आबासाहेब स्टेजवर चढले, सवयीनं सगळ्यांना हात जोडले, आणि मग एकदम भानावर येऊन आईकडं बघत उभे राहिले.

“आलास?” धोंडाआजी म्हणाली. “वाक खाली.”

ते वाकले. तिनं तबकातला फेटा उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला, शाल खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला. आबासाहेबांनी तिच्या पायाला हात लावला. सत्कार आयुष्यात शेकड्यांनी झाले असतील त्यांचे, पण आईच्या हातचा तो पहिलाच. त्यांचे डोळे भरून आले. पाणी सगळ्यांनी पाहिलं.

आजीनं माझ्या हातातला माइक ओढून घेतला.

“बाळ्या,” ती म्हणाली, आणि नगराध्यक्षांचं हे नाव प्रथमच कर्ण्यातून सगळ्या गावानं ऐकलं, “माजी बसायची जागा मला परत—”

“मंजूर!” आबासाहेबांचा हात वर गेला.

तो हात वरच राहिला. खाली आणावा तर कसा, हे त्यांना समजेना. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

“मंजूर झालं गं, बायांनो!” भागामावशी ओरडली.

आणि स्टेजची लाल झालर वर उचलली गेली. खाली पाट्याच पाट्या! मेथी, वांगी, भेंडी, मिरच्या, लसूण. बघता बघता बायांनी पोती अंथरली. पाटीला पाटी लागली, तराजू निघाले. आजवरच्या ‘मंजूर’ला कुणीतरी पुढं काम करावं लागायचं, आणि ते कुणी करत नसे. या ‘मंजूर’ला कुणी काही करायचंच नव्हतं. नुसतं बसायचं होतं.

फौजदार स्टेजजवळ आला. “साहेब, उठवू का यांना?”

आबासाहेबांनी गुलाबी फेट्याखालून आधी आईकडं पाहिलं. ती केव्हाच खाली उतरून वेशीच्या डाव्या अंगाला जाऊन बसली होती आणि लसणाचे वाटे लावत होती.

“काय उठवता आता,” ते बारीक आवाजात म्हणाले. “तुम्ही मेथी घ्या एक जुडी. घरी न्या.”

आभारप्रदर्शन राहूनच गेलं. माझ्या आयुष्यातला आभारांवाचून राहिलेला तो एकच कार्यक्रम. भाव विचारणाऱ्यांच्या गलक्यात माइक कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रतिक्रिया. आबासाहेब: ‘बाजार पटांगणात आणण्याची कल्पना मूळची माझीच.’ आमदार: ‘माझ्या पाठपुराव्याला यश.’ पिसाळ वकील: ‘आमच्या दबावापुढं सत्ता झुकली.’ पालकमंत्र्यांनी बदरीनाथहून सर्वांचं अभिनंदन केलं. बायांपैकी कुणाची प्रतिक्रिया छापून आली नाही. कुणी विचारलीच नव्हती, आणि त्यांना गिऱ्हाईकापुढं वेळही नव्हता.

सोमवारीच संध्याकाळी, ठरल्याप्रमाणे, मावशीनं सुपारी फोडली. नोकरीही राहिली, आबासाहेबांना माझ्यावर चिडता येईना, कारण मी त्यांच्याविरुद्ध खरंच अवाक्षर काढलं नव्हतं. पुढल्या निवडणुकीत मात्र ते पडले. मंजूर म्हणजे काय, ते गावानं एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. नुसत्या हातावर मग त्याचं समाधान होईना.

गावात माझं नाव झालं. कुणी म्हणायचं, मास्तरनं मुद्दाम केलं, काय डोकं आहे! कुणी म्हणायचं, कसलं डोकं, जीभ घसरली मेल्याची. मी दोन्हीकडं नुसता हसायचो. घसरली होती, हे मला माहीत होतं. पण गैरसमज चांगला असला तर तो मोडू नये माणसानं.

ही झाली फार जुनी गोष्ट. धोंडाआजी गेली, आबासाहेबही गेले. गेल्या वर्षी गावातल्या महिला मंडळानं भागामावशीचा सत्कार ठरवला. कार्यकर्त्या मुली सामान घेऊन आमच्या घरी आल्या. शाल, नारळ आणि फेटा. हल्ली पोरी फेटे बांधून मिरवतात, त्यांना त्याचं काही नाही. मावशीनं तो फेटा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि बोळकं तोंड पसरून हसली.

“बाईमानसाला फेटा! आमच्या वक्ताला असलं नव्हतं गं. बाईला साडीचोळी द्यायची, खणानारळानं ओटी भरायची.”

मुली गेल्या. मी जेवायला बसलो होतो. घास हातातच राहिला.

“मावशी,” मी म्हणालो, “मग त्या दिवशी धोंडाआजीच्या तबकात फेटा कसा होता?”

मावशी विमलकडं बघायला लागली. विमल तव्यावरच्या भाकरीकडं.

“ओटीचं सामान कुठं होतं? खण कुठं होता?” मी विचारलं. “शालही पुरुषी होती, मावशी!”

“लवकर ध्यानात आलं की, जावईबापू,” मावशी म्हणाली.

“म्हणजे मी चुकणार, हे तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत म्हंजे! चुकनार म्हनून तर तुमास्नी उभं केलं. बोलायला काय, शाळेतले जोशीमास्तर तुमच्यापरीस चांगलं बोलायचे. पन त्यांच्या तोंडावर त्यांचा ताबा होता, त्याला काय करता?”

“आणि धोंडाआजी?”

“फेट्याचा रंग तिनंच निवडला. म्हनाली, बाळ्याला गुलाबी शोभतो.”

मी विमलकडं वळलो. “तुला ठाऊक होतं? तू तर पदरात तोंड घालून रडत होतीस!”

“रडत कुठं होते?” विमलनं भाकरी उलटली. “हसू आवरेना. आईला मीच तर सुचवलं होतं. विहिरीवर मला मागणी घातलीत, तिथंसुद्धा आबासाहेबांना आणलंत. म्हटलं, हा माणूस पटांगणात आणल्याशिवाय कसा राहील?”

इतकी वर्षं गावात मिरवत होतो मी! दोघी हसायला लागल्या. मावशीला ठसका लागला, तिला पाणी द्यावं लागलं. मीही हसलो, काय करणार? हसता हसता एकदम आठवलं, की त्या दिवसाचं आभारप्रदर्शन राहिलंय. ताट बाजूला सारलं आणि खरकटा हात मागं धरून उभा राहिलो.

“आता कार्यक्रमाच्या अखेरीस,” मी म्हणालो, “आभार मानण्यासाठी मी विनंती करतो…”

“आबासाहेबांना आणू नका म्हणजे झालं,” विमल म्हणाली.

पण तोंड सुरू झालं होतं, आणि ते थोडंच माझं ऐकणार!

“गोरगरिबांच्या कैवारी,” मी एका दमात म्हणालो, “सांगव्याच्या शिल्पकार, विकासाच्या महामेरू, आमचं श्रद्धास्थान, माननीय भागाबाई हिवरकर यांना!”

मावशीनं पदरानं डोळे पुसले, पाण्याचा पेला खाली ठेवला, आणि हात वर केला.

“मंजूर,” ती म्हणाली. “आता जेवा गप.”